गोदामाच्या भिंतीवरची हिरवी रेघ

आप्पा, तुमी खरं सांगत होता. भिंतीवर उजेडाची रेघ होती, ती हिरवी होती, हाताला गार लागत होती आणि ती एका गोमेनं ओढली होती. मला हे कळून आज बावीस दिवस झाले आणि या बावीस दिवसांत मी हे शाळेतल्या सगळ्यांना, शेजारणीला, दूधवाल्याला, बसमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईला, एवढंच काय गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालासुद्धा सांगून झालं. ज्यांना पहिल्यांदा सांगायला पाहिजे होतं ते तुम्हीच तेवढे राहिलात. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. म्हणून आज रविवारी, कपडे भिजत घालून, मुलींच्या प्रॅक्टिकलच्या एका कोऱ्या वहीत लिहायला बसले आहे. अक्षर गिचमिड येतंय, कारण हात थांबत नाही.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी अकरावीत आहे. लातूरच्या आपल्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसले आहे. तुम्ही डाळमिलमधून येता, मोरीत हातपाय धुता, तरी अंगाला डाळीच्या चुनीचा, भुश्याचा वास राहतोच. तो वास मला अजूनही कुठल्याही डाळमिलवरून जाताना येतो आणि माझी चाल आपोआप मंद होते. तुम्ही पाटावर बसता आणि भाकरीला हात न लावताच म्हणता, "आज एक नवल बघितलो, बाई." मग सांगता. पावसानं गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात ओल आली होती, म्हणून मुकादमानं तिथली पोत्यांची थप्पी हलवायला सांगितली. भर दुपार होती, पण लाईट गेलेली आणि त्या कोपऱ्याला खिडकी नाही. शेवटचं, जमिनीला टेकलेलं पोतं उचललं आणि भिंतीला हिरव्या उजेडाची रेघ दिसली. "वळवळ करत चालली होती. बोट लावलो तर बोटालाच उजेड लागला. चटका न्हाई, काई न्हाई. गारढोण. म्होरं निरखून बघतो तर गोम! बारीक, दोऱ्यावानी."

आई चुलीपुढून म्हणाली, "इस्तव असंल कुठलातरी."

"इस्तवाला बोट लावलो असतो तर बोट राहिलं असतं का?" तुम्ही तिला बोट दाखवलंत. मलाही दाखवलंत. त्या बोटावर आता काहीच नव्हतं, पण तुम्ही ते असं धरलं होतं की अजून तिथं काहीतरी आहे. हसत होता तुम्ही. दिवसभर शंभर किलोची पोती पाठीवर वाहून आलेला माणूस एवढा ताजातवाना मी कधी पाहिला नव्हता.

पण मिलमध्ये तुमचं हे नवल कुणी मनावर घेतलं नव्हतं. तुम्ही तिथल्या तिथं ओरडून सगळ्यांना बोलावलं, मुकादम बॅटरी घेऊन आला, आणि बॅटरीच्या उजेडात कसली आलीय हिरवी रेघ! गोम फटीत गेलेली. मुकादम म्हणाला, "दुपारीच लावलास का रे?" गळ्यात लिंग घालणाऱ्या, चहासुद्धा दिवसातून दोनदाच घेणाऱ्या माणसाला तो असं म्हणाला. कुणी म्हणालं, घड्याळाचं रेडियम सांडलं असेल. कुणी म्हणालं, आप्पाला साक्षात्कार झाला. आणि त्या दिवसापासून तुमचं नाव पडलं, 'बत्ती'. "ए बत्ती, गाडी लागली, चल." "बत्ती, चहा घे." तुम्ही कधी रागावला नाहीत, हाक मारली की जात राहिलात. तुमच्या मातीच्या दिवशी दारात उभा असलेला एक माणूस फोनवर कुणालातरी सांगत होता, "आपला बत्ती गेला, ये लवकर." मी आत बसून ऐकलं. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, त्याला तुमचं तेवढंच नाव माहीत होतं.

पण हे सगळं त्या माणसांचं झालं. माझं वेगळं आहे. तुम्ही सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी मी क्लासमध्ये सरांना विचारलं. दोनशे पोरं बसलेली. मी उभी राहून विचारलं, "सर, गोम चमकती का?" सर म्हणाले, जमिनीवर काजवा, बाकी जे काय ते समुद्रात, आणि परीक्षेला काजवाच येतो. मग विचारलं, "कुणी बघितली चमकणारी गोम?" मी म्हणाले, माझ्या वडलांनी, डाळमिलमध्ये. सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "डाळीला फोडणी जास्त झाली असंल," आणि सरसुद्धा हसले. मी घरी आले ती धुमसतच. तुम्ही जेवत होता. मी दप्तर टाकलं आणि म्हणाले, "आप्पा, तुमी असलं काई कुणाला सांगत जाऊ नका. मला लाज वाटती." आई म्हणाली, "बापाला असं बोलत्यात का?" तुम्ही तिला हातानं थांबवलंत. घास चावून संपवलात, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "बरं. तू शिकून राहिलीस, तुझंच खरं असंल." त्यानंतर ती गोष्ट तुमच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकली नाही. तुम्हाला बोलायचं ते बोलून मी माझ्या पुस्तकात काजव्याच्या पानाला दुमड घालून अभ्यासाला बसले होते, हेही मला आठवतं.

त्याच काजव्यावर माझं पुढं सगळं निभावलं. डॉक्टर काही झाले नाही. बी.एस्सी., बी.एड. केलं आणि गेली बारा वर्षं नांदेडला एका शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी नववीच्या मुलींना सांगते की सजीव स्वतःचा उजेड तयार करतात, उदाहरणार्थ काजवा. कुणी विचारलं, अजून कोण, तर म्हणते, खोल समुद्रातले मासे. समुद्र मी एकदाच पाहिला आहे, तोही दुपारी.

आणि आता या पावसाळ्यात काय झालं ऐका. घराच्या मागं माझ्या सात-आठ कुंड्या आहेत. संध्याकाळी लाईट गेली होती, आभाळ भरलेलं, गच्च अंधारून आलेलं. जास्वंदीच्या कुंडीत पाणी साचलं म्हणून मी ती ओढली. खालून एक बारीक पिवळट गोम निघाली. आणि आप्पा, तिच्या मागं फरशीवर हिरवा उजेड! दोरा सांडावा तसा. ती वळली की उजेड वळायचा. मी 'आप्पा' म्हणून हाक मारली. खरंच मारली, मोठ्यानं. शेजारीण कुंपणावरून विचारायला लागली, काय झालं, पडलात का? तिला काय सांगू? मी पोह्यांचा डबा रिकामा केला, तळाला ओली माती घातली, झाकणाला सुईनं भोकं पाडली आणि गोम त्यात ठेवली. त्या दिवशी मी जेवलेच नाही. स्वयंपाकघराची खिडकी बंद करून, ओट्यावर डबा ठेवून बसले. रांगोळीच्या काडीनं तिला हळूच टोचलं की ती चमकायची. मी माझं बोट लावलं, आप्पा. बोटाला उजेड लागला. चटका न्हाई, काई न्हाई. गारढोण. तुमचेच शब्द माझ्या तोंडात आले.

फोटो काढून मी इकडंतिकडं पाठवले, तेव्हा पुण्याकडच्या एका अभ्यासकांचा फोन आला. किड्यामुंग्यांवर, गोमींवर काम करतात ते. मी भीतभीत विचारलं, "सर, ही गोम खरंच चमकते का, की हिला काही लागलंय?" ते म्हणाले, "चमकते ना! हे जाणकारांना फार पूर्वीपासून माहीत आहे. पण बघणार कोण? बघायला अंधार लागतो, आणि गोम दिसली की माणूस आधी दिवा लावतो." फार पूर्वीपासून माहीत आहे! म्हणजे तुम्ही बोट लावलं त्या दिवशीही कुठंतरी कुणालातरी ते माहीत होतं. फक्त आपल्या लातूरला, आमच्या क्लासमध्ये, माझ्या पुस्तकात ते पोचलेलं नव्हतं.

हे होतं कसं ते मी आता तुम्हाला सांगते, कारण तुम्ही विचारलं असतंत. हिच्या पोटाखाली बारीक बारीक ग्रंथी असतात. हिला कुणी डिवचलं की त्यांतून चिकट रस पाझरतो. त्या रसात जळणारा एक पदार्थ असतो आणि त्याला जळायला लावणारा दुसरा, आणि हवेतला ऑक्सिजन लागला की उजेड पडतो. आपला कंदील जळतो तेव्हा उजेड थोडा आणि आच फार. इथं जळण्याचा जवळजवळ सगळा उजेडच होतो, आच उरतच नाही, म्हणून तुमचं बोट भाजलं नाही. काजव्याचं थोडं निराळं. तो दिवा पोटात ठेवतो आणि हवा तेव्हा लावतो-विझवतो, आणि तो दिवा लावायला त्याला जी शक्ती लागते तीच शक्ती, अगदी तोच पदार्थ, आपल्या दंडात असतो. तुम्ही पोतं उचलायचात ते त्याच्याच जोरावर. आमच्या पुस्तकात हे दोन वेगवेगळ्या धड्यांत आहे, आणि बारा वर्षं शिकवूनही ते दोन धडे मी कधी एकाला एक लावून पाहिले नव्हते! आणि खरं नवल तर पुढंच आहे. या गोमेला डोळे नसतात. एकही नाही. ती कशासाठी उजेड सांडते, तर बहुतेक मागं लागलेल्याला बिचकवायला. पण तिनं केलेला उजेड तिला स्वतःला कधी दिसत नाही. मी हे वाचलं आणि वाचनालयातच "अगं बाई!" म्हणाले. शिपाई बघायला लागला.

मग मी डबा शाळेत नेला. भांडाराच्या खोलीला खिडकी नाही, जुनी बाकं आणि नकाशे ठेवतात तिथं. नववीच्या मुली दहा-दहा करून आत घेतल्या, दार लावलं, अंधारात डोळे रुळेपर्यंत गप्प उभं राहायला सांगितलं आणि गोमेला काडीनं टोचलं. ओरडल्या सगळ्या. एक म्हणाली, "मॅडम, ही चार्ज कशी होती?" मी म्हणाले, जेवून. दुसरी, तिची आई भाजी विकते, बारीक आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्या वखारीत माझ्या आजीनं बघितली होती. आमी तिला येडी म्हणलो." मी त्या मुलीला म्हणाले, आज घरी गेल्यावर पहिल्यांदा आजीपाशी जा. तिला तेवढं जमण्यासारखं होतं, म्हणून मला तिचा हेवा वाटला.

तुमच्यानंतर तुमच्या कामावरचं एकच माणूस मला माहीत होतं. तुमचे जोडीदार, ज्यांना मी चाचा म्हणायचे, पोत्याचं दुसरं टोक कायम ज्यांच्या हातात असायचं ते. ते आता रेणापूरला लेकाकडं असतात. मागच्या रविवारी डबा पिशवीत घालून, पिशवी मांडीवर धरून मी एसटीनं लातूरला आणि तिथून रेणापूरला गेले. चाचांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. मला आवाजावरून ओळखलं. "बैठ बेटी, च्या ठिव गं," म्हणून सुनेला हाक मारली. मी म्हणाले, चहा नंतर, आधी तुमची धान्याची खोली दाखवा. बिचारे चक्रावले. आत हरभऱ्याची पोती होती. मी दार ओढून घेतलं, फटीला पिशवी लावली, डबा उघडला आणि काडी टेकवली.

चाचा डब्यावर वाकले. मग म्हणाले, "हेच."

"हेच म्हणजे?"

"हेच बघितलो होतो आमी. गोदामात."

"आमी?"

अंधारात त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. ते म्हणाले, "मी बी बघितलो होतो, बेटी. पोत्याचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं की. तुझा आप्पा बोट लावला तवा मी बाजूलाच उभा होतो. मुकादम आला, मला इचारला, तू बघितला का रे? मी न्हाई म्हणलो."

"का?"

"मला कामाला लागून आठ दिवस झाले होते. घरी चार तोंडं. आन् तुझ्या आप्पाला सगळे हसून राहिले होते. मला वाटलं, दोघं हसण्यापरीस एकच बरा."

मी विचारलं, आप्पांना माहीत होतं का, तुम्ही पाहिलंय ते? मला वाटत होतं की त्यांनी नाही म्हणावं.

"माहीत होतं की. माझ्या तोंडाकडं बघितला तवाच समजला. पर एकदा बी इचारला न्हाई. दुसऱ्या दिवशी आला, पोत्याला हात घातला आन् म्हणला, उचल."

चाचा रडायला लागले, त्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला चोळायला लागले, आणि मला त्यांचा हात धरून खाली घ्यावा लागला, कारण डॉक्टरनं चोळू नका म्हणून सांगितलेलं. मला राग आला होता. साक्षीदार होता आणि इतकी वर्षं गप्प बसला! पण तो राग दाराबाहेर येईपर्यंतही टिकला नाही. चाचांनी न पाहिल्याचं सांगितलं, त्यांना पोट होतं. मला काय होतं? मागच्या बाकावरचं हसू. आणि तुम्ही आम्हा दोघांनाही एकसारखंच वागवलंत. त्यांना उचल म्हणालात, मला बरं म्हणालात. मग आम्ही चहा घेतला. चाचा सुनेला, लेकाला, पलीकडच्या घरातल्या माणसांना बोलावून बोलावून त्या खोलीत नेत होते. आठ-दहा माणसं झाली असतील. प्रत्येकाला सांगत होते, "हिचा आप्पा पहिल्यांदा बघितला. मी दुसरा." संध्याकाळच्या गाडीपर्यंत मला सोडतच नव्हते.

परत आल्यावर मी त्या पुण्याच्या सरांना फोन केला. ते या गोमेची नोंद करून घेणार आहेत, नांदेड, अमुक तारीख, माझं नाव. मी म्हणाले, लातूरची नोंद पण घ्या, डाळमिलचं गोदाम, माझे वडील. ते म्हणाले, नमुना नाही, फोटो नाही, तारीख नाही, असं घेता येत नाही. मी म्हणाले, दोन साक्षीदार आहेत, एक जिवंत आहे. अर्धा तास वाद घातला, आप्पा, मी, जी मुख्याध्यापकांपुढं कधी तोंड उघडत नाही. शेवटी ते म्हणाले, "बरं, वडील नेमकं काय म्हणाले होते ते शब्दाशब्दानं सांगा." मी सांगितलं. हिरवी, वळवळ करत चाललेली, बोटाला लागलेली, गारढोण, दोऱ्यावानी. ते लिहून घेत होते, मला पेनचा आवाज येत होता. मग म्हणाले, "मॅडम, रंग, गारवा, रस बोटाला चिकटणं, गोमेचा आकार, यातलं एकही चुकलेलं नाही. त्यांनी एकदाच पाहिलं होतं ना? फार नीट पाहिलं होतं." नोंद झाली नाही ती नाहीच. पण हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, ऐकू आलं नाही असं सांगून.

कपडे अजून भिजत पडलेत, ऊन गेलंय. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, हे मला कळतं. वही कपाटात ठेवीन.

एक राहिलं. ते मी सरांना सांगितलं नाही, मुलींना नाही, चाचांना तर नाहीच, आणि वर तुम्हालाही नीट सांगितलं नाही. डब्यातली गोम ही पहिली नव्हे. ती मला चार दिवसांनी, सगळ्या कुंड्या उलथ्यापालथ्या केल्यावर सापडली. कुंडीखालून पहिली निघाली तेव्हा ती चमकत नव्हती. नुसती गोम होती. मी पायातली चप्पल काढली आणि तिला मारली. चप्पल उचलली तेव्हा फरशीवर आणि चपलेच्या तळाला तो हिरवा उजेड पसरलेला होता, आणि तुम्हाला हाक मारली ती तेव्हा. मग मी मागच्या पायरीवर बसले आणि चप्पल उलटी करून मांडीवर घेतली. तो पूर्ण विझेपर्यंत मी हलले नाही.